दुकानाचा पीसी रात्रभर जागाच राहतो? हे तपासा!



आज एका छुप्या खर्चाबद्दल बोलू. शटर ओढताना मॉनिटर काळा दिसला की मी समजायचो, पीसी झोपला. एकदा सकाळी सीपीयूला हात लावला तर गरम, पंखा सुरूच! स्क्रीन बंद होणं वेगळं आणि पीसी स्लीपला जाणं वेगळं.

हिशोब करा. नुसता सीपीयू ६० वॅट धरला, तर रात्रीच्या १२ तासांत ७२० वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटच्या आसपास. महिन्याला सुमारे २२ युनिट. आता तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. गिऱ्हाईक एकही नाही, पण मीटर पळतंय!

मग शोधायचं कसं?

१. सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर असं जा. तिथे स्क्रीन आणि स्लीप यांच्या वेळा वेगळ्या असतात. स्लीपसमोर 'नेव्हर' असेल तर १५ किंवा ३० मिनिटं करा.

२. तरी झोपत नाही? स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करा, राईट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. इंग्रजीत 'पॉवर' लिहून त्याला जोडूनच सी, एफ, जी, मग स्पेस, स्लॅश आणि 'रिक्वेस्ट्स'. एंटर मारा. पीसीला कोण जागं ठेवतंय त्याची यादी येते. ज्याच्याखाली 'नन' आहे, तिथे अडचण नाही.

माझ्याकडे नाव निघालं ऑडिओचं. सकाळी लावलेली भक्तिगीतं! गिऱ्हाईक आलं की मी आवाज शून्य करायचो, पण टॅब वाजतच असायचा. टॅब बंद केला, काम झालं.

३. यादीत काहीच नाही? मग माऊस बघा. काचेच्या काउंटरवर ऑप्टिकल माऊसचा कर्सर कधी कधी आपोआप थरथरतो आणि पीसीला वाटतं, मालक काम करतोय. एक रात्र माऊस उलटा ठेवा. फरक पडला तर माऊसपॅड घ्या.

एक सावधगिरी मात्र घ्या. बिलिंगचा डेटा ज्या पीसीवर आहे आणि दुसरा काउंटर त्यालाच जोडलेला आहे, तो पीसी धंद्याच्या वेळेत झोपला तर दुसऱ्या काउंटरचं बिलिंग अडकेल. त्याला दिवसा जागं ठेवा, रात्री बिलिंग नीट बंद करून शटडाऊन करा.

आज दुकान बंद करण्याआधी दुसरी पायरी करून बघाच. दोन मिनिटांचं काम आहे. वाचलेला रुपया म्हणजे कमावलेलाच रुपया!