ऑर्गन कोणाशीच जुळवून घेत नाही!

इटालियन संगीतकार ओत्तोरीनो रेस्पीगी यांची ‘रोमचे पाइनवृक्ष’ ही वाद्यवृंदरचना १९२४ साली रोममध्ये प्रथम वाजली. तिच्या शेवटी प्राचीन रोमन सैन्य कूच करीत येते, तेव्हा व्हायोलिन, कर्णे आणि नगारे यांच्या जोडीला पाइप ऑर्गनही घुमू लागतो. अशा मैफलीपूर्वी सारे वादक ऑर्गनच्या स्वराशी आपापली वाद्ये जुळवतात. ऑर्गनने इतरांशी का जुळवून घेऊ नये?

व्हायोलिनला चारच तारा; खुंटी पिळली की काम झाले. मोठ्या ऑर्गनला मात्र हजारो नळ्या असतात. त्या ऐनवेळी कोण जुळवणार?

आता समजा, ऑर्गन १५° सेल्सिअसला जुळवला आणि श्रोत्यांच्या गर्दीने सभागृह २५° सेल्सिअसपर्यंत तापले. तुम्ही म्हणाल, नळी प्रसरण पावून लांब होईल आणि स्वर उतरेल. प्रत्यक्षात तो चढतो! धातूचे प्रसरण येथे नगण्य असते. पण हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरवरून ३४६ मीटर होतो. नळीतील तरंगलांबी जवळजवळ तीच राहते. म्हणून कंप्रता वाढते. ४४० हर्ट्‌झचा स्वर सुमारे ४४७ हर्ट्‌झ होतो. उलट, व्हायोलिनच्या धातूच्या तारा उष्णतेने सैल पडून उतरतात. दोघांतले अंतर दोन्हीकडून वाढते आणि मैफल बेसूर होते. म्हणून सभागृहाचे तापमान सांभाळणे हेही संगीताचेच काम ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, थंडीत बासरीवादक आधी बासरी फुंकून गरम का करतो, हे आता तुम्हीच सांगा.