युद्धबंदी वैमानिकांचीं घरगुती पत्रें : त्यांचें वाचन कसें करावें

ठाण्याच्या किल्ल्यांत, जेथें आज मध्यवर्ती कारागृह आहे, तेथें त्रिंबकजी डेंगळे यांस इंग्रजांनीं इ. स. १८१५ त अटकेंत ठेविलें होतें. पहारा गोऱ्या शिपायांचा. त्यांस मराठीचा गंध नव्हता. बाहेर घोड्याची चाकरी करणारा मोतद्दार गाणें म्हणे व त्या गाण्यांतून बंदिवानास निरोप पोंचे, अशी आख्यायिका आहे. १८१६ त डेंगळे निसटले. बंदिवानाचा निरोप कोणत्या भाषेंत आहे व तो वाटेंत कोणाच्या नजरेखालून जातो, हा प्रश्न आमच्या परिसरास अशा रीतीनें जुनाच आहे.

अलीकडील उदाहरण दिलीप परुळकर यांचें. १९६५ च्या युद्धांत खांद्यास गोळी लागली असतांही त्यांनीं विमान तळावर परत आणिलें. पुढें १० डिसेंबर १९७१ रोजीं विमान पडून ते पाकिस्तानांत कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्यें ग्रेवाल व हरीश सिंहजी यांजसह ते रावळपिंडीच्या छावणींतून निसटले, अफगाण सरहद्दीनजीक लंडी कोतल येथें पुन्हां सांपडले, व १ डिसेंबर १९७२ रोजीं स्वदेशीं परतले. पराक्रमाची बखर कोणीही लिहील. परंतु बंदिवासाचें अस्सल साधन म्हणजे घरच्या पेटींतील पत्रें. तीं कशीं वाचावीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

१९४९ च्या जिनीव्हा कराराप्रमाणें युद्धबंद्यास दरमहा निदान दोन पत्रें व चार कार्डें धाडण्याची मुभा असते. टपालहंशील माफ, म्हणून पाकिटावर तिकीट नसणें हा दोष नसून खूण आहे. तपासणी पाठविणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन्ही राज्यांस एकेकदां करितां येते. म्हणून दोन निरनिराळे शिक्के आढळल्यास गोंधळूं नये. सामान्यतः पत्र स्वभाषेंत लिहावयाचें असतें. मराठी घरास आलेलें पत्र इंग्रजींत असल्यास, तें तपासनिसाच्या सोयीसाठीं लिहिलें होतें कीं काय, हें प्रथम पाहावें.

जखमेसंबंधीं विशेष सावधगिरी हवी. छावणींत पोंचल्यापासून आठवड्याच्या आंत जें पहिलें कार्ड घरीं जावयाचें, त्याच्या नमुन्यांत 'प्रकृति चांगली', 'किंचित् जखमी', 'गंभीर जखमी' अशीं पदें छापलेलीं असतात. लागू नसतील तीं खोडावयाचीं. पदरचें कांहीं लिहावयाचें नाहीं. म्हणजे माउलीला मुलाची अवस्था कळते ती न खोडलेल्या एका पदावरून! नंतरच्या पत्रांतील 'मी खुशाल आहें' या वाक्यास पुरावा मानूं नये. आपल्या जुन्या पत्रांतील 'येथील क्षेम' जसें मायन्याचाच भाग, तसेंच हें. त्यापेक्षां अक्षराचें वळण पाहावें. युद्धापूर्वींच्या पत्राशीं तें ताडावें. हात दुखावला असेल तर वळण बोलतें, किंवा लेखक परका आढळतो.

आणि पत्रच न आल्यास? विजय वसंत तांबे हे वैमानिक ५ डिसेंबर १९७१ पासून परतले नाहींत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटनपटु, यांनीं दशकानुदशकें शोध चालविला. पानिपतानंतर पार्वतीबाईंनीं भाऊसाहेबांचा मृत्यु मानिला नाहीं, हें वाचकांस ठाऊकच आहे; तोतयाचें प्रकरण त्याच अनिश्चिततेंतून वाढलें. पत्राचा अभाव मृत्यूचा पुरावा नव्हे, जीविताचाही नव्हे. संशोधकानें येथें थांबावें. रिकामी जागा कल्पनेनें भरूं नये.

आमची विनंति एवढीच. कल्याणास १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्यास १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय. ज्या गांवांनीं छापील ग्रंथ इतके जपले, तेथील व डोंबिवलीच्या घरांतून अशा पत्रांचीं पाकिटें रद्दींत जाऊं नयेत. पत्र पाकिटापासून वेगळें करूं नये, शिक्के कातरूं नयेत, पत्र कोणत्या दिवशीं हातीं आलें तें वडील माणसांस विचारून निराळ्या कागदावर टिपावें. आणि घरच्यांच्या संमतीवांचून एक ओळही छापूं नये. तीं पत्रें आधीं त्या घराचीं, मग इतिहासाचीं.