गाळ्यातला नफा जातो कुठे?

वागळे इस्टेटमधला एक गाळा डोळ्यांसमोर आणा. दोन लेथ, एक सीएनसी, सहा कामगार. काम पितळी बुशांचं जॉबवर्क. मशीन दिवसभर चालतं, तरी मार्चअखेर हिशेब मांडला की हातात फारसं उरत नाही. मालकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर म्हणतात, आधी गाळ्याबाहेर बघा. १९७९ चा एक लेख आणि १९८० चं ‘कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी’ हे पुस्तक यांत त्यांनी नफा ओढून नेणाऱ्या पाच शक्ती मांडल्या.

पहिली, शेजारचे गाळे. सगळ्यांकडे तीच मशिनं, म्हणून भांडण फक्त रेटवर. दुसरी, गिऱ्हाईक. बहुतेक माल एकच मोठी कंपनी उचलत असेल, तर रेट तीच ठरवते. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवा, असं २००६ चा कायदा सांगतो. पण तगादा लावला तर पुढची ऑर्डर जाईल, ही धास्ती. तिसरी, पुरवठादार. पितळेच्या भावापुढे छोट्या गाळ्याचं काही चालत नाही. चौथी, नवा भिडू. कर्ज काढून कुणी सीएनसी घेतलं, की तोही रांगेत. पाचवी सगळ्यांत बेरकी, ती म्हणजे पर्याय. उद्या बुशच प्लास्टिकचं झालं, तर उत्तम लेथही रिकामाच.

या विचाराचं मूळ मजेशीर आहे. काही धंद्यांत स्पर्धा कमी आणि नफा जास्त का, हे अर्थशास्त्रज्ञ शोधत होते, ते मक्तेदारीला लगाम घालण्यासाठी. पोर्टर यांनी तीच विद्या उलटी धरली आणि उद्योजकाच्या हाती दिली.

मग करायचं काय? सर्वांत कमी खर्चात बनवा, इतरांहून वेगळं द्या, किंवा एकच कोपरा पकडा. आपला गाळा औषधनिर्मितीच्या यंत्रांचे सुटे भाग, थोडे पण काटेकोर मापाचे, करू शकेल. मात्र त्यासाठी स्वस्तातल्या ऑर्डरला ‘नाही’ म्हणावं लागतं.

१९९० मध्ये पोर्टर यांनी आणखी एक गोष्ट ठसवली: एकमेकांना पूरक धंदे जवळजवळ असले की सगळ्यांचंच बळ वाढतं. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली ती याच वागळे इस्टेटमध्ये. कास्टिंग, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट हाकेच्या अंतरावर, हेच अशा वसाहतीचं भांडवल. आता अनेक कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे आहेत. उद्या प्लेटिंगवाला अंबरनाथला गेला, तर टेम्पोचं भाडं आणि एक दिवस जास्त लागेल. गाळ्यात मात्र काहीच बदललेलं नसेल.