गाडीतली वीज (भाग ९) : रेडिओतली खरखर शोधायची कशी?

मागच्या भागात आपण अल्टरनेटर पाहिला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून तो बॅटरी कशी चार्ज करतो आणि त्याच्या पोटातले डायोड एसीचं डीसी कसं करतात, हे समजून घेतलं. आज त्याच वायरिंगमधला एक चिवट प्रश्न घेऊ. इंजिन बंद असताना आकाशवाणी स्वच्छ लागते आणि इंजिन सुरू केलं की बातम्यांवर शिटी, टकटक नाहीतर खरखर चढते. अशा वेळी बहुतेक जण आधी नॉइज फिल्टर विकत आणतात. त्याने भागलं नाही की सेट बदलतात, आणि नव्या सेटवरही तोच आवाज येतो. आवाज कुठे तयार होतो आणि कोणत्या वाटेने सेटमध्ये शिरतो, हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

आधी कान

गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. शिटी असेल आणि रेसबरोबर तिचा सूर चढत असेल, तर ती अल्टरनेटरची. बारा ध्रुवांच्या, तीन फेजच्या अल्टरनेटरमधून रोटरच्या एका फेऱ्यात विजेचे 36 उंचवटे निघतात. रोटर मिनिटाला 2000 फेरे फिरत असेल, तर सेकंदाला 1200 उंचवटे होतात. ही कंपनं थेट कानाच्या टप्प्यात येतात. बॅटरी धडधाकट आणि तिचे टर्मिनल घट्ट असतील, तर हे उंचवटे बरेचसे विरून जातात. एखादा डायोड गेला की उंचवट्यांची रांग मधेच तुटते आणि शिटीत घोगरेपणा येतो.

रेसबरोबर वेग वाढणारी टकटक ही पेट्रोल गाडीतल्या प्लगची. हाइनरिश हर्ट्झ यांनी 1886 ते 1888 या काळात रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. प्लगमध्ये ठिणगी उडते तेव्हा तीही लहरी फेकते. म्हणून प्लगच्या आत सुमारे 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो. कित्येक प्लगच्या क्रमांकात त्यासाठी ‘आर’ हे अक्षर असतं. ‘बीपीआर६ईएस’ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. प्लग बदलताना हा ‘आर’ सुटला की टकटक सुरू होते. प्लग बदलल्यानंतरच आवाज लागला असेल, तर जुना आणि नवा क्रमांक शेजारी ठेवून बघा.

रेसशी काही संबंध नसलेली सलग खरखर असेल, तर इंजिन बंद करून किल्ली नुसती ऑन ठेवा आणि एकेक वस्तू चालू-बंद करा: ब्लोअर, वायपर, मागून बसवलेले एलईडी दिवे, डॅशकॅम, लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर. चार्जरपासून सुरुवात करा. 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करताना तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. स्वस्त चार्जरमध्ये या तोडजोडीची लुडबुड अडवणारे भाग बहुधा गाळलेले असतात.

मग वाट

आता सेटवर पेनड्राइव्ह किंवा ब्लूटूथवरून गाणं लावा. आवाज तसाच राहिला, तर तो सप्लायच्या किंवा अर्थच्या वायरीतून येतो आहे. फक्त रेडिओवरच येत असेल, तर अँटेनाची पिन सेटमधून काढून पाहा. पिन काढताच खरखर थांबली, तर ती अँटेनामार्गे शिरते आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही शिटी ऐकू येत असेल, तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे मिसळते आहे. अशा गाडीत सिग्नलची केबल बहुतेक वेळा जाड पॉवर वायरीला खेटून नेलेली सापडते. एक डाव्या अंगाने आणि दुसरी उजव्या अंगाने नेली की फरक पडतो.

सेटवर मीडियम वेव्ह असेल, तर ही तपासणी तिच्यावरच करा. तिथे आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो आणि ठिणगीही उंचीतच भर घालते. एफएममध्ये उंचीतला चढउतार सेट छाटून टाकतो. त्यामुळे तीच गाडी एफएमवर निर्दोष वाटते आणि पुणे केंद्राच्या 792 किलोहर्ट्झवर ओरडते. आवाज फक्त उच्चदाबाच्या तारांखालून जाताना येत असेल, तर गाडीत दोष शोधू नका.

मग उगम

खिशातला ट्रान्झिस्टर इथे कामाचा. मीडियम वेव्हवर जिथे एकही स्टेशन नाही तिथे तो लावा आणि डॉक्टर स्टेथोस्कोप फिरवतात तसा डॅशबोर्डभर फिरवा. गुन्हेगार वस्तूजवळ खरखर एकदम वाढते. बोनटखाली मात्र चालत्या पट्ट्यापासून आणि प्लगच्या वायरींपासून हात लांब ठेवा. त्यांत हजारो व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून बघण्याची जुनी सवय तर कायमची सोडा. त्या क्षणी अल्टरनेटरचा दाब उसळतो आणि गाडीतले कंट्रोल युनिट जळू शकतात.

अल्टरनेटरचा संशय असेल, तर हेडलाइट लावून, थोडी रेस ठेवून मल्टिमीटर एसीवर बॅटरीला लावा. आकडा 0.1 व्होल्टच्या आत असावा. 0.5 च्या वर गेला, तर डायोड तपासून घ्या. काही स्वस्त मीटर इथे वीस-पंचवीस व्होल्ट दाखवतात. ते डीसीलाच एसी समजतात, तो आकडा धरू नका. मग मीटर डीसीवर घेऊन एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सेटच्या धातूच्या अंगाला लावा. सगळे दिवे आणि ब्लोअर चालू असताना 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थ कमजोर आहे.

मग इलाज

सर्वात जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे अँटेनाचं बूड. छताचं अस्तर थोडं खाली घेतलं की बुडाचा नट आणि पत्रा दिसतो. आपल्या कोकणच्या पावसात तिथे गंज धरतो, त्यामुळे केबलच्या जाळीला अर्थ मिळत नाही आणि ती केबलच अँटेना होऊन बोनटखालचा सगळा गोंगाट उचलते. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नट घट्ट करा, वरून ग्रीस लावा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टीही अशीच साफ करा. चार्जर दोषी असेल तर तो बदला. एवढं करूनही सप्लायच्या वायरीतून थोडी शिटी उरली, तरच फिल्टर बसवा, तोही सेटच्या अगदी जवळ.

हा क्रम पाळायचं कारण केवळ ऐकण्याच्या सुखाचं नाही. शिटी मारणारा अल्टरनेटर उद्या बॅटरी चार्ज करणं सोडू शकतो, आणि ढिली अर्थ पट्टी स्टार्टरलाही दगा देते. फिल्टर लावून आवाज दाबला की हा इशाराही दबतो.

पुढच्या आठवड्यात : हेडलाइट मंद का जळतात, आणि अर्थच्या वायरी त्याला कशा कारण ठरतात.