करी रोडहून पोर्तुगाल, व्हाया वापी

शुक्रवारी दुपारी लोअर परळच्या कुठल्याही ऑफिसात जरा कान देऊन उभे राहा. ‘यार, या वीकएण्डला सिल्वासा?’ हे वाक्य ऐकू येणारच. गणित सोपं आहे. लोणावळ्याला ट्रॅफिक, अलिबागला गर्दी, गोव्याला दोन दिवस पुरत नाहीत. सिल्वासाला बरं रिसॉर्ट मिळतं, पूल असतो, बिअर मुंबईपेक्षा स्वस्त पडते आणि रविवारी रात्री माणूस आपल्या घरी.

आता कल्पना करा, हाच प्लॅन तुमच्या आजोबांनी १९५३ साली केला असता तर? तर ते चक्क परदेशी गेले असते! करी रोडपासून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवरचं सिल्वासा तेव्हा पोर्तुगालचं होतं. आणि ‘वसाहत’ म्हणून नाही बरं का. सालाझारच्या सरकारने १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘समुद्रापलीकडचे प्रांत’ असं गोंडस नाव दिलं होतं. गंमत म्हणजे त्या प्रांताच्या या तुकड्याला समुद्रच नाही. चहूबाजूंनी भारत, मध्ये दमणगंगा, जंगल आणि ७२ गावं. नाव दादरा आणि नगर हवेली.

त्याहून भारी गोष्ट पुढेच आहे. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षं हा ४९१ चौरस किलोमीटरचा प्रदेश ना पोर्तुगालच्या ताब्यात होता, ना कायद्याने भारतात. स्वतःचा कारभार, स्वतःचे स्टॅम्प आणि अगदी शेवटी, एका दिवसापुरता का होईना, स्वतःचा पंतप्रधान! हे घडवून आणणाऱ्यांमध्ये मराठीतले एक आघाडीचे संगीतकार होते. आमच्या ग्रुपमधले सात जण दर पावसाळ्यात तिथे जाऊन येतात. सातांपैकी एकालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून एका शनिवारी पूल आणि बिअर दोन्हीला सुट्टी देऊन मी नुसतं सिल्वासा बघायला निघाले.

बाटलीवरून कळते सीमा

करी रोडकरांना गुजरातकडे जायचं म्हणजे आधी चालत लोअर परळ गाठा, मग दादर, मग बोरिवली, मग लांबची गाडी. वापीला उतरलं की शेअर रिक्षा. तिथून सिल्वासा पंधरा-सोळा किलोमीटर, पण या एवढ्याशा रस्त्यात तुम्ही गुजरातमधून दादऱ्यात शिरता, दादऱ्यातून परत गुजरातमध्ये येता आणि मग नगर हवेलीत पोचता. ‘सीमा कुठेय?’ असं मी रिक्षावाल्याला दोनदा विचारलं. तो हसला. म्हणाला, ‘मॅडम, वाइन शॉप दिसलं की आमचं, दिसायचं थांबलं की गुजरात.’ दारूबंदीचा याहून सोपा नकाशा मी तरी पाहिलेला नाही.

हसण्यावारी नेऊ नका, कारण सगळी स्टोरी या तुटक नकाशातच आहे. पोर्तुगीज गव्हर्नर बसायचा किनाऱ्यावर, दमणला. दादरा आणि सिल्वासा आतल्या बाजूला. मधली जमीन १९४७ नंतर स्वतंत्र भारताची. म्हणजे आपल्याच प्रांतात पोलिस पाठवायचे तरी शेजाऱ्याच्या अंगणातून जावं लागणार, आणि शेजाऱ्याने दार लावलं की संपलं.

मुळात हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला कुणी? आपणच! १७७२ मध्ये मराठा आरमाराने त्यांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाचं नुकसान केलं होतं. त्याची भरपाई, शिवाय इंग्रजांविरुद्ध पोर्तुगीजांची दोस्ती हवी, म्हणून १७७९ च्या तहात पेशव्यांनी वर्षाला बारा हजार रुपये वसूल होईल एवढी गावं द्यायचं कबूल केलं. १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या हातात गेली. दादरा १७८५ मध्ये. नाना फडणवीसांच्या काळातला हा व्यवहार. दोन्ही बाजूंना किरकोळ वाटला असेल. पावणेदोनशे वर्षांनी त्याच सनदांचा कीस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाडला जाईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार.

सिल्वासात उतरल्यावर पोर्तुगाल शोधावा लागतो. चौकात मॉल, मोबाइलची दुकानं, ढोकळा, वडापाव, सगळं शेजारीशेजारी. १८८५ मध्ये पोर्तुगीजांनी गावाला ‘पासो द आर्कुश’ असं नाव दिलं होतं, ते गावाने कधी तोंडात बसू दिलं नाही. (आमच्या स्टेशनाचं नाव करी नावाच्या इंग्रज रेल्वे अधिकाऱ्यावरून पडलं. २०२४ मध्ये राज्य सरकारने ते बदलून ‘लालबाग’ करायचं ठरवलं. आमच्या चाळीत सगळे अजून ‘करी रोड’च म्हणतात. नावांचं असंच असतं.) उरलंय ते पांढरंशुभ्र चर्च, पिएदाद मातेचं. आत गार वाटतं, लाकडी काम सुंदर आहे आणि दुपारी तिथे माझ्याशिवाय एक झाडू मारणारी बाई फक्त होती.

बाबूजी आणि मंडळी

आता १९५४. गोवा, दमण, दीव सोडायला सालाझार तयार नव्हता. नेहरूंना सैन्य घालायचं नव्हतं. तेव्हा काही तरुणांनी ठरवलं, गोव्याची सुरुवात इथूनच करू. कारण तोच नकाशा. इथे पोर्तुगालला कुमक पाठवता येणार नाही.

या मंडळींत होते सुधीर फडके. होय, आपले बाबूजी, बोरिवलीत ज्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे ते. तेव्हा ते पस्तिशीचे होते. सोबत राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे, नाना काजरेकर वगैरे. पैसे जमवायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम केला. म्हणजे गाण्याच्या तिकिटांवर एका प्रदेशाच्या मुक्तीचा खर्च निघाला! आज आपण ‘फंड रेझर’ म्हणतो तो हाच.

पण कल्पना एकट्या पुण्याची नव्हती आणि इथेच आपली नेहमीची सांगण्याची पद्धत तोकडी पडते. २१-२२ जुलैच्या रात्री दादरा घेतलं ते ‘युनायटेड फ्रण्ट ऑफ गोवन्स’च्या फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या माणसांनी. त्या रात्री आनिसेतो रोझारिओ हा पोलिस अधिकारी मारला गेला. आठवड्याभरात नरोली गेलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. जंगलाच्या बाजूने जॉर्ज वाझ आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते वारल्यांना घेऊन उतरले होते. तलासरी-डहाणूत गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून जी चळवळ उभी केली होती, तिचा तो वारसा. चार गट, चार झेंडे, एकमेकांवर फारसा विश्वास नाही. आज प्रत्येक गटाचं पुस्तक वाचलं तर त्यात बाकीचे तिघे जवळजवळ नसतातच. मला विचाराल तर श्रेय चौघांचंही, आणि पाचवं सीमेवरच्या भारतीय राखीव पोलिसांचं. त्यांनी दमणहून कुणालाही पुढे जाऊ दिलं नाही.

पोर्तुगीज बाजूचा प्रमुख होता कॅप्टन फिदाल्गो. हाताशी दीडएकशे पोलिस. तो सिल्वासा सोडून खानवेलकडे मागे सरकला आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. पुढच्या वर्षी १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ज्या हातांनी त्याला चाली दिल्या, ते आठ महिन्यांपूर्वी या चिखलात होते, हे कळल्यावर मी ती गाणी पुन्हा ऐकली. वेगळी वाटतात, खरंच.

कुणाचाच नसलेला देश

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. प्रदेश मुक्त झाला, पण भारताने तो लगेच आपल्यात घेतला नाही. ‘वरिष्ठ पंचायत’ नावाचं मंडळ कारभार बघू लागलं. पोर्तुगीज स्टॅम्प उरले होते, त्यांच्यावर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापून तेच वापरले. काटकसर म्हणायची की टेचात सूड, तुम्हीच ठरवा.

डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगला गेलं. म्हणणं एवढंच की, आमच्या प्रांतात जायचा रस्ता आम्हाला द्या. तिथे पेशव्यांच्या त्या मराठी सनदा निघाल्या. प्रश्न असा की पेशव्यांनी राज्य दिलं होतं की नुसता महसूल? न्यायालयाने सांगितलं, नुसता महसूल. सरंजाम म्हणा, जहागीर म्हणा. म्हणजे नाना फडणवीसांच्या काळातल्या शब्दांची बाजू परक्या देशातल्या कोर्टात टिकली! मात्र पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता मानली, हेही न्यायालयाने धरलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल थोडक्यात असा: साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला जायचा हक्क होता, सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने काही चुकीचं केलेलं नाही.

मग जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात यायचा ठराव केला. अडचण अशी की करारावर भारताकडून सही करणार पंतप्रधान नेहरू, समोरून कोण? तेव्हा तिथे प्रशासक असलेले के. जी. बदलानी हे आयएएस अधिकारी एका दिवसापुरते पंतप्रधान झाले आणि त्यांनी सही केली. ११ ऑगस्ट १९६१ ला प्रदेश भारतात आला. पोर्तुगालने हे सगळं मान्य केलं ते मात्र थेट १९७४ च्या शेवटी, तिथली हुकूमशाही पडल्यावर.

आणि वारली?

खानवेलच्या रस्त्याला लागलं की सिल्वासाचे कारखाने मागे पडतात आणि साग, भातखाचरं, कुडाच्या भिंती सुरू होतात. बाजारात एक आजी बसली होती, समोर करवंदं आणि रानभाजीच्या जुड्या. तिची वारली बोली मला ऐंशी टक्के कळत होती आणि माझी मराठी तिला शंभर टक्के. माहेर तलासरीचं. म्हणजे लग्न करून ती ‘परदेशी’ आली होती, पण तिच्या लेखी सीमा वगैरे काही नव्हतंच. डोंगर तोच, देव तोच, तारपा तोच. ‘पोर्तुगीज गेले तेव्हाचं घरात कुणी काही सांगायचं का?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘सरकार बदललं असं मागाहून कळलं. जंगल कुणाचं, ते तेव्हाही विचारावं लागायचं आणि आताही लागतं.’

हे ऐकल्यावर मला बाबूजींची गोष्ट थोडी कमी फिल्मी वाटायला लागली. आपण ती सांगतो तेव्हा हिरो मुंबई-पुण्याचे असतात आणि वारली मागे उभे. प्रत्यक्षात प्रदेश त्यांचा होता. ऐंशीच्या दशकापासून करसवलतींमुळे इथे कारखाने आले, विशेषतः पॉलिस्टर धाग्याचे. माझे आजोबा करी रोडच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संपात उतरले ते पुन्हा आत गेले नाहीत. तेव्हा सिल्वासाच्या धाग्याच्या कारखान्यांकडे मला तटस्थपणे बघता येत नाही, हे सांगून टाकते. रोजगार आला हे खरं. पण त्याबरोबर बाहेरची माणसंही आली. २००१ मध्ये इथे आदिवासी ६२ टक्के होते, २०११ मध्ये ५२. लोकसंख्या त्या दहा वर्षांत सव्वादोन लाखांवरून जवळजवळ साडेतीन लाखांवर गेली. पुढची जनगणना काय सांगेल, त्याचा अंदाज बाजारात दहा मिनिटं उभं राहिलं तरी येतो. दुकानदार कुठले आणि डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बायका कुठल्या, ते लगेच दिसतं.

वेगळेपणाचं कागदी रूपही आता विरळ झालंय. २६ जानेवारी २०२० ला हा केंद्रशासित प्रदेश दमण-दीवमध्ये विलीन झाला. नवं नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’. एका नावात तीन ‘आणि’! राजधानी दमण. म्हणजे १९५४ मध्ये ज्या दमणपासून सुटका करून घेतली, फायली पुन्हा तिकडेच. फरक एवढाच की आता रस्ता कुणी अडवत नाही.

जायचं असेल तर २ ऑगस्टच्या आसपास जा. त्या दिवशी मुक्तिदिन असतो, दमणगंगा भरलेली असते आणि खानवेलचे डोंगर इतके हिरवे असतात की फोटोला फिल्टर लागत नाही. सकाळची गाडी, वापीहून शेअर रिक्षा, सिल्वासात चर्च आणि आदिवासी संग्रहालय, मग खानवेल आणि पुढे दुधनीचा जलाशय. परतताना वापीला न जाता खानवेलहून उधव्यामार्गे तलासरीकडे उतरा. कॅप्टन फिदाल्गो याच बाजूला येऊन शरण गेला होता. रस्ता थोडा खराब आहे, बस कमी आहेत, खासगी जीप मिळते. आणि हो, बाजारात आजी दिसली तर करवंदं मागू नका, ती मेमध्येच संपतात. ऑगस्टमध्ये तिच्याकडे रानभाजी असेल. एक जुडी घ्या. कशी करायची, ते ती सांगते.