केळं चांगलं, पण कोणाला?

आयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी जरा बिचकलोच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता केळ्यावर बोलायचं! पण 'केळं आरोग्याला चांगलं असतं' हे वाक्य समोर ठेवून बसलो, तेव्हा लक्षात आलं की सगळा घोटाळा 'चांगलं' या शब्दात आहे. प्लेटोच्या 'प्रोटागोरस' या संवादात हाच मुद्दा येतो. प्रोटागोरस तिथे तेलाचं उदाहरण देतो. तेल माणसाच्या केसांना, अंगाला चांगलं. झाडांना मात्र वाईट. आणि आजारी माणसाच्या जेवणात वैद्य ते अगदी थोडंच घालू देतात. तेलाच्या जागी आज आपण केळं ठेवू.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोबाइलवर एक संदेश फिरत होता, 'रोज केळं खाण्याचे एकवीस फायदे'. रक्तदाब कमी होतो, हा त्यातला पहिला. तो मी माझ्या थोरल्या भावाला पाठवला. हो, मीच. दादाला रक्तदाब आहे, शिवाय मूत्रपिंडं थोडी कमजोर झालेली आहेत, हे मला माहीत होतं. दादानं मनावर घेतलं. सकाळी दोन केळी, रात्री एक, वर दुपारी शहाळं. महिना-दीड महिन्यानं पायातली शक्तीच गेल्यासारखी झाली, आणि वहिनीनं त्याला रात्रीच रुग्णालयात नेलं. रक्तातलं पोटॅशियम निघालं ६.८. ते साधारण साडेतीन ते पाचच्या आसपास असावं लागतं. एवढं वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतातही. दादा वाचला. डॉक्टर म्हणाले, एकट्या केळ्याला दोष देऊ नका. मूत्रपिंडं कमजोर, त्यात रक्तदाबाची गोळी पोटॅशियम धरून ठेवणारी, आणि त्यावर हे सगळं.

आता बघा, संदेशातलं वाक्य खोटं नव्हतं. मिठातलं सोडियम रक्तदाब वाढवतं. पोटॅशियम ते सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं, रक्तवाहिन्या सैल करतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यायला सांगते. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे केळं काही पोटॅशियमची खाण नव्हे; वजनास वजन धरलं तर बटाट्यात थोडं जास्तच आहे. जास्तीचं पोटॅशियम निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, म्हणून केळं 'चांगलं'. ते टाकता येत नसेल तर साठत जातं, आणि तेच केळं वाईट. केळं तेच, बदलला तो खाणारा.

तेव्हा ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, जे टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी घेतात, त्यांनी केळ्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. गोळी मनानं बंद करू नका हं! मूत्रपिंडं ठीक असतील तर यातल्या बहुतेकांना एखाद्या केळ्याची भीती नाही. आणखी एक, बाजारात 'कमी सोडियमचं मीठ' मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच घातलेलं असतं. केळं सोडलं आणि ते मीठ सुरू केलं, असं करणारे लोक मी पाहिले आहेत.

बाकीच्या वीस फायद्यांकडे वळू. 'केळ्यानं रक्त वाढतं.' का, तर कापल्यावर ते काळं पडतं, म्हणजे लोह असणार! ते काळं पडणं हे फळातल्या एका विकराचं काम. हवा लागली की रंग बदलतो. १०० ग्रॅम केळ्यात लोह पाव मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे नगण्य. 'हाडं मजबूत होतात.' कॅल्शियम ५ मिलिग्रॅम. तेवढंच दूध घ्या, त्यात शंभराहून जास्त. 'मन आनंदी राहतं, कारण केळ्यात सेरोटोनिन असतं.' असतं खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळं खाऊन आनंद होतो तो चवीचा, आणि तो मला पुरतो.

खरा गुण सांगायचा तर तो पिकण्यात आहे. कच्च्या केळ्यात जवळजवळ सगळा स्टार्च. पिकताना त्याची साखर होते. कच्च्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचतच नाही, मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या उपयोगी जंतूंचं अन्न होतो. 'केळं जुलाबावर की बद्धकोष्ठावर?' हा आपल्याकडचा जुना वाद. बांगलादेशात मुलांच्या लांबलेल्या जुलाबावर शिजवलेलं कच्चं केळं देऊन पाहिलं, त्याचा निष्कर्ष २००१ साली छापला गेला आणि तो केळ्याच्या बाजूनं होता. उलट चांगलं पिकलेलं केळं, भरपूर पाण्याबरोबर, पोट साफ व्हायला बऱ्याच जणांना मदत करतं. म्हणजे दोन्ही आज्या बरोबर होत्या. फक्त एकीच्या मनात कच्चं होतं, दुसरीच्या मनात पिकलेलं. निम्मे वाद असेच असतात.

मधुमेहींचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. मध्यम आकाराच्या केळ्यात २७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं धरा. तेव्हा अर्धं खावं, फार पिकलेलं नको, मूठभर शेंगदाण्यांबरोबर उत्तम. आणि जेवण भरपेट झाल्यावर वर नको. शिकरण मात्र साखर घालून केलेली असते, तिला फळ म्हणू नका. (हशा) आयुर्वेदात दूध आणि केळं विरुद्ध अन्न मानलं आहे. आजच्या आहारशास्त्राला त्यात निरोगी माणसासाठी घातक असं काही दिसत नाही. ज्याला जड पडतं त्यानं सोडावं.

जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलकडची केळी देशभर जातात. पण त्यामुळे केळं म्हणजे एकच लांबट पिवळं फळ, असं मुलांना वाटायला लागलंय. वेलची खाऊन बघा, लहान आणि किंचित आंबट-गोड. राजेळी तर शिजवूनच खायची. तुपावर परतून, थोडा गूळ आणि ओलं खोबरं. वसई-आगाशीकडे राजेळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करतात, मधासारखी. वाळवल्यावर पाणी जातं, साखर तिथंच राहते, म्हणून एखादंच.

आणि केळफूल! कष्टाचं म्हणून घराघरांतून गेलं. हाताला तेल लावायचं, एकेका फुलातली कडक दांडी आणि पातळ पापुद्रा काढायचा, बारीक चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं. सकाळी पिळून, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवायचं, वर खोबरं. आमच्याकडे आता निवडायचं काम माझ्याकडे आहे. पाऊण तास जातो.

फ्रिजचं कोणीतरी विचारलं. थंडीनं साल काळी पडते, आतलं फळ बहुधा चांगलंच असतं. वास बघून खा, टाकू नका.

आणि दादाचं विचारलंत. पोटॅशियम आता पाचच्या खाली आहे, ठरलेल्या दिवशी रक्त तपासतात. बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून मग भाजी करतात, कारण बरंचसं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. केळं बंद. सत्यनारायणाच्या शिऱ्यातलं तेवढं, चमचाभर, तेही डॉक्टरांना विचारून. मला मात्र तो अजून रोज सकाळी आरोग्याचे संदेश पाठवतो.