भूल उतरली, मग आजी अशी का वागते?

खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड दिवस झालेला. संध्याकाळी आजीनं नातवाला नावानं हाक मारली, पेज मागून घेतली. मध्यरात्री तीच आजी पांघरुणाचे धागे उपटायला लागली, सलाइनची नळी ओढली आणि ‘गोठ्याचं दार उघडं राहिलंय’ म्हणत कॉटवरून उतरू पाहू लागली. सकाळपर्यंत नातलगांनी निकाल देऊन टाकला होता : भूल मेंदूत चढली.

छत्रपती संभाजीनगरात हे वाक्य वॉर्डावॉर्डांत ऐकू येतं. घाटीच्या सरकारी रुग्णालयात काय किंवा खासगी दवाखान्यांत काय, कन्नड-सिल्लोडपासून बीड-हिंगोलीपर्यंतची म्हातारी माणसं मोठ्या ऑपरेशनला इथंच आणली जातात. मला वाटतं, थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. शुद्ध हरपणं, विसरणं, चकवा लागणं, सगळ्यालाच आपण ‘भूल’ म्हणतो. मग विसराळूपणाचं खापर भूलतज्ज्ञाच्या डोक्यावर फुटणारच.

भुलीसाठी वापरला जाणारा वायू श्वासावाटे बाहेर पडतो, बहुतेक औषधं काही तासांत उतरतात. आजीचं भान मात्र मध्ये चांगलं येऊन मग सुटलं. हा डिलिरियम, जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची तोच. तो बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो, दिवसा ओसरतो, रात्री उसळतो. जखमेमुळे शरीरात उठलेला दाह थकलेल्या मेंदूलाही झोंबतो. त्यात भर पडते दुखण्याची, तुटलेल्या झोपेची, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी झाल्याची, लघवी तुंबल्याची, जंतुसंसर्गाची. रोज दारू घेणाऱ्या आजोबांची ती अचानक तुटली तरी असंच होतं, आणि नेमकी हीच गोष्ट घरचे लाजेखातर डॉक्टरांपासून लपवतात. म्हणून वात झाला की आधी कारण शोधायचं असतं. बाहेरची बाधा समजून अंगारा लावण्यात गेलेला दिवस न्यूमोनियाला आंदण मिळतो.

‘पूर्ण भूल नको, पाठीत इंजेक्शन द्या, म्हणजे डोकं शाबूत राहील,’ असा आग्रह सुशिक्षित घरांतून हमखास होतो. अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या, पन्नाशीपुढच्या 1600 रुग्णांवर हे ताडून पाहिलं गेलं. निष्कर्ष 2021 साली आले : पाठीत भूल दिलेल्यांत डिलिरियम 20.5 टक्के, पूर्ण भूल दिलेल्यांत 19.7. म्हणजे फरक नाही म्हटलं तरी चालेल. कोणती भूल द्यायची ते हृदय, फुप्फुसं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पाहून भूलतज्ज्ञांना ठरवू द्यावं.

याहून घातक भीती म्हणजे ‘या वयात ऑपरेशनच नको’. मोडलेल्या खुब्याला ही भीती परवडत नाही. प्रकृती साथ देत असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या 48 तासांत व्हावी असं सांगितलं जातं. घरी नेऊन झोपवून ठेवलेल्या आजीला पाठीवर जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि वात तर तिथंही गाठतोच.

मग धोका नाहीच का? आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या, हृदयाखेरीज इतर मोठी शस्त्रक्रिया झालेल्या 1218 लोकांची स्मृती आणि एकाग्रता तपासली होती. आठवड्यानंतर 25.8 टक्के लोकांत घसरण दिसली, तीन महिन्यांनी 9.9 टक्क्यांत. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत तीन महिन्यांनी हाच आकडा 2.8 होता. बहुतेक जण सावरतात, काहींना हिशेब आणि नावं आठवायला वेळ लागतो. आधीच विसर पडत असेल, तर धोका वाढतो. डिलिरियम होऊन गेलेल्यांत पुढे डिमेन्शियाचं प्रमाणही जास्त आढळतं. तेव्हा ‘आई हल्ली गॅस बंद करायला विसरते’ हे ऑपरेशनच्या आधीच सांगून टाकावं. सांगितल्यानं ऑपरेशन रद्द होत नाही, जास्त काळजी घेतली जाते.

‘शांत पडून आहेत, म्हणजे बरं आहे.’ या गैरसमजाची मला सगळ्यात धास्ती वाटते. नळ्या ओढणारी आजी सगळ्यांना दिसते. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेले, तोंडात घास धरून बसलेले आजोबाही डिलिरियममध्ये असू शकतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माणूस कालच्यापेक्षा वेगळा वाटला की सिस्टरना लगेच सांगा. तो काल कसा होता, हे तुम्हालाच माहीत असतं.

‘मग झोपेचं इंजेक्शन तरी द्या’ हा हट्टही सोडावा. झोपेची काही औषधं वात वाढवतात, हात बांधले तर तगमग वाढते. तैवानमध्ये पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या, पासष्टीपुढच्या 377 रुग्णांपैकी एका गटासाठी तीन साध्या गोष्टी रोज केल्या गेल्या : तोंड साफ करून नीट खाऊ घालणं, लवकर उठवून चालवणं आणि दिवस-वार-जागा सांगत गप्पा मारणं. नेहमीच्या देखभालीतल्या रुग्णांत डिलिरियम 15.1 टक्के होता, या गटात 6.6. 2017 साली छापून आलेल्या या अभ्यासात महागडं औषध कुठलंच नव्हतं. असं करायला आपल्याकडे कॉटपाशी नातलग असतोच. फक्त तो मोबाइलमध्ये असतो, किंवा दहा जण एकदम गलका करत असतात. एकानंच बसावं, दिवसा खिडकी उघडी ठेवावी, रात्री दिवा मंद करायला सांगावं.

त्या आजीचा चष्मा आणि कानाचं मशीन हरवू नये म्हणून घरीच ठेवलं होतं. कवळी कागदात गुंडाळून उशाच्या पिशवीत होती. दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, आणि भोवती अनोळखी माणसं. अशा अंधारात कुणालाही गोठा आठवेल. ऑपरेशनला निघताना रिपोर्टची फाइल कुणी विसरत नाही. त्या फाइलसोबत चष्मा, कानाचं मशीन आणि कवळीची डबीही घ्या, आणि शुद्धीवर येताच तेवढं आधी हाती द्या.